भाड्याच्या ऑफिसात सॉकेट सरकवता येणारी पार्टिशन घ्यावी का? (इंदूर)

टॅलीवाली

मंडळी, नमस्कार. मी इंदूरला साउथ तुकोगंजमध्ये एका सीएंच्या ऑफिसचं सगळं बघते. सगळं म्हणजे रिटर्न भरण्यापासून पाण्याचा कॅन मागवण्यापर्यंत. जागा भाड्याची, साडेआठशे चौरस फूट, दुसरा मजला. घरमालक काका तसे भले, पण भिंतीला छिन्नी लागलेली त्यांना खपत नाही. मागच्याच वर्षी नव्या टाइल्स घातल्यात, म्हणजे फरशीचं तर नावच काढायचं नाही.

आमचं दुखणं असं की ऑफिस वर्षभर एका मापात राहत नाही. एरवी नऊ जण. जुलै लागला की आर्टिकलशिपची मुलं आणि सीझनपुरती घेतलेली माणसं धरून सोळा होतात, ते ऑडिटची कामं उरकेपर्यंत, थेट ऑक्टोबरअखेर. मग टेबलं इकडची तिकडे. भिंतीवर बोर्ड चार, तेही चार कोपऱ्यांत. त्यामुळे मधल्या रांगेत एक्स्टेंशन बोर्डाला एक्स्टेंशन बोर्ड. गेल्या जुलैत एकाच बोर्डावर चहाची केटली आणि लेझर प्रिंटर लागला. पांढरा बोर्ड आधी शेवेसारखा पिवळा पडला आणि मग बसला वितळून. वास आला म्हणून कळलं. त्या दिवसापासून मला रात्रीही तोच वास येतो.

आता एक फर्निचरवाले पॅनल दाखवून गेलेत. ॲल्युमिनियमची फ्रेम, ६० मिमी जाडी, १२०० मिमी उंची. दोन्ही बाजूंना काढता-घालता येणाऱ्या टाइल (फरशीच्या नव्हेत, पॅनलचेच तुकडे), आणि टेबलाच्या वर आडवा पोकळ पट्टा, त्याला ते रेसवे म्हणतात. सॉकेटची आणि नेटची टाइल उचलायची, कोरी टाइल तिथे लावायची, सॉकेट दुसरीकडे. पाहायला फारच छान वाटलं. पण साध्या पार्टिशनच्या जवळजवळ दीडपट भाव. सर म्हणाले, "तूच ठरव," म्हणजे चुकलं तर माझंच.

तर विचारायचं असं: लोक घेतल्यावर खरंच सॉकेट हलवतात का? वीज आणि नेट एकाच पोकळीतून नेलं तर चालतं का? आणि फरशी न फोडता वीज मधल्या रांगेपर्यंत आणायची कशी?

जाता जाता एक. सीझनमध्ये सकाळी अकराच्या सुमारास, सगळे आले की, आरसीसीबी पडतो, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा तो स्विच. यूपीएस दहा मिनिटं तग धरतो, तेवढ्यात कोणीतरी पळत जाऊन वर करतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ३० मिलिअँपिअरचा काढून १०० चा टाकू. याचा पार्टिशनशी संबंध नसेल तर सोडून द्या.

फेजन्यूट्रल

ताई, सोडून कसं देऊ? तुमचा खरा प्रश्न शेवटच्या परिच्छेदातच आहे, पार्टिशन त्यानंतर.

मी वायरिंगचा ठेकेदार, इंदूरातलाच. निम्मी खरेदी महाराणी रोडची, निम्मं आयुष्य शिडीवर. आधी ते १०० चं ऐका. ३० मिलिअँपिअर हा आकडा माणूस वाचावा म्हणून आहे. १०० चा आग टाळायला ठीक, पण उघड्या तारेला हात लागला तर त्याच्या भरवशावर राहू नका. तो प्रकार करू नका.

पडतो कशाने ते सांगतो. कॉम्प्युटरच्या आत जो पॉवर सप्लाय असतो, त्याच्या फिल्टरमधून थोडा करंट कायम अर्थिंगमध्ये झिरपतो. मशीनमध्ये काही बिघाड नसतो, त्याची रचनाच तशी. एका मशीनमागे अंदाजे एक मिलिअँपिअर धरा, कमी-जास्त. ३० चा आरसीसीबी बरोबर ३० लाच पडतो असं नाही, १५ च्या पुढे कधीही पडला तरी तो नियमातच असतो. आता तुमचे सोळा जण, सोळा मशीन, सोळा मॉनिटर, एक प्रिंटर, आणि आरसीसीबी बहुतेक सगळ्यांना मिळून एकच. नऊ जणांत तो पडत नाही, सोळांत पडतो. हिशेब तुमच्याच हातचा आहे.

म्हणून पॅनलवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा की एका रांगेत सर्किटं किती येतात. सॉकेट सरकतं, सर्किट सरकत नाही. टाइल उचलून तुम्ही पाच जणांची सोय एका कोपऱ्यात कराल, पण मागची तार, एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी तेच राहतील. प्रत्येक रांगेला निदान दोन सर्किटं घ्या, एक यूपीएसचं, एक रॉ पॉवरचं, म्हणजे यूपीएसविना थेट मेनचं. यूपीएसची सॉकेटं लाल घ्या, म्हणजे कोणी त्यात केटली लावणार नाही. लावलीच तर निदान शिव्या घालायला आधार राहील. केटली १५०० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. ६ अँपिअरच्या बोर्डावर ती एकटीच जास्त झाली, वरून प्रिंटर. त्याचा फ्यूजर, म्हणजे शाई कागदावर पक्की करणारा गरम रोलर, तापताना तोही हजार वॅटच्या आसपास ओढतो. बोर्ड वितळणारच होता.

फरशी न फोडता वीज आणायला वरून आणा. फॉल्स सीलिंगमधून एक उभा पोकळ खांब खाली पॅनलच्या टोकाला उतरतो, पॉवर पोल म्हणतात त्याला. घरमालक काकांच्या फरशीला धक्का नाही, आणि जागा सोडताना खांब उचलून घेऊन जाता येतो.

अर्थिंगही एकदा तपासून घ्या. आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. मे महिन्यात दोन बादल्या पाणी घालायला कोणाला आठवत नाही.

कॅटसहावाला_बडोदा

ताई, मी बडोद्याला नेटवर्किंग करतो, अलकापुरीतल्या ऑफिसांचं जास्त. विजेचं दादांनी सांगितलंय, मी नेटपुरतं बोलतो.

एकाच पोकळीतून चालतं, पण मध्ये धातूचा पडदा असलेलाच रेसवे घ्या. नुसत्या प्लॅस्टिकच्या पोकळीत दोन्ही तारा एकमेकींवर पडलेल्या मी बऱ्याच बघितल्यात. नेट अडखळतं तो भाग वेगळा, उद्या कोणी टाइल काढून हात घातला तर २३० व्होल्ट आणि नेटची वायर एकाच मुठीत.

दुसरी गोष्ट फर्निचरवाले कधीच सांगत नाहीत. भिंतीतली कॅट-६, म्हणजे नेटची वायर, घन तांब्याची असते, आत एकेक जाड तार. ती एकदा टाकून विसरायची. तुम्ही टाइल दर जुलैत हलवलीत तर तीच वायर दर वेळी वाकणार, ओढली जाणार, आणि तिसऱ्या वर्षी एक जोडी तुटेल. तुटलेली दिसत नाही. नेट चालू असतं, फक्त गिगाबिटचं १०० मेगाबिट होतं, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. मग पोर्टल हळू चालतं म्हणून सगळे सरकारला नावं ठेवतात.

यावर उपाय म्हणजे मध्ये एक थांबा. रॅकपासून (जिथे नेटचा स्विच असतो) घन वायर आणून सीलिंगमध्ये किंवा त्या पोलाच्या डोक्याशी बारा पोर्टची पेटी लावा. ती कायमची, तिला कोणी हात लावायचा नाही. पेटीपासून टाइलपर्यंत मात्र बारीक तारांची लवचीक पॅच कॉर्ड, दोन्ही टोकांना पिन. टाइल हलवायची तर कॉर्ड बदला. रॅकपासून पेटीपर्यंतचं अंतर १५ मीटरपेक्षा जास्त असावं असा संकेत आहे. तुमच्या साडेआठशे फुटांत ते जमणार नाही, तेव्हा पेटी बसल्यावर प्रत्येक लाइन टेस्टर लावून तपासून घ्या. एकूण मर्यादा १०० मीटरची, तिची तुम्हाला चिंता नाही.

आणि दोन पॅनल जिथे काटकोनात जुळतात तो खांब उघडून बघा. वायर तिथेच चिमटते. कॅट-६ साधारण २५ मिमीच्या गोलाईपेक्षा कमी वाकवू नये. त्या कोपऱ्यात एवढी जागा असलेली पॅनल कमीच मिळतात.

हो, वायर घेताना रोलवर सीसीए लिहिलंय का बघा. म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. स्वस्त पडते आणि ठिसूळ असते. वजनावरूनही कळतं, रोल उचलला की हलका लागतो.

सराफ्यातला_निशाचर

भिया, सोळा माणसं आणि केटली एकच? प्रश्न पार्टिशनचा नाही, चहाचा आहे. बाकी टाइल हलवणारा आधी माणूस हलवतो का ते बघा. आमच्या ऑफिसात अशीच पॅनलं आलीत, चार वर्षांत एकदाही हलली नाहीत. बिलावर मात्र "मॉड्युलर" झळकतंय.

टॅलीवाली

निशाचर, चहावर बोलू नका, मी अख्खा जुलै चहावर काढते.

फेजन्यूट्रल दादा, मेन स्विचांचा डबा उघडवून बघितला. तुम्ही म्हणता तसंच आहे, एकच आरसीसीबी, आणि त्याच्यावर एसी सोडून सगळं ऑफिस. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "हे तर एका पॅनवर दहा जणांचे रिटर्न भरल्यासारखं झालं." सीए माणूस, विजेतही पॅनच दिसलं.

मग मी गेल्या तीन सीझनची बसण्याची कागदं काढली. मी दर वर्षी चिठ्ठीवर नकाशा काढते, फेकत नाही. कडेच्या दोन रांगा तिन्ही वर्षं तशाच, एक टेबलही हललेलं नाही. हलते ती फक्त मधली रांग, कधी चार जण, कधी सात, कधी मधोमध ऑडिटच्या फायली. सगळीकडे दीडपट भाव देऊन आम्ही भिंतीकडेच्या रांगांनाही सरकणारी सॉकेटं घेणार होतो, ज्या कधी सरकल्याच नाहीत. आता फक्त मधल्या रांगेत घेतलं तर विक्रेता देईल का, की पूर्ण सेटच घ्या म्हणेल?

फेजन्यूट्रल

म्हणेल, त्याला म्हणू द्या. कडेच्या रांगांना साधी पॅनल घ्या आणि भिंतीवरून उघडी पीव्हीसी पट्टी ओढा. स्क्रूची चार भोकं काका चालवून घेतील, छिन्नी नाही ना. मधल्या रांगेत टाइलवाली. फक्त एक नक्की विचारा, ६०० मिमीच्या पॅनलची सॉकेट टाइल ९०० च्या पॅनलला बसते का. कितीतरी मालात बसत नाही, आणि मग "कुठेही हलवा" म्हणजे "त्याच मापाच्या पॅनलवर हलवा". तुम्ही सगळी एकाच मापाची घेतलीत तर हा प्रश्नच उरत नाही.

आणि टाइल हलवणं हे प्यूनचं काम नव्हे. आधी एमसीबी खाली, मगच टाइलला हात. चिकटपट्टीवर लिहून बोर्डावर लावा.

टॅलीवाली

मे महिन्यात झालं एकदाचं, म्हणून लिहिते. मधल्या रांगेत सहा पॅनल, सगळी ७५० मिमीची. विक्रेता आधी "सेट मोडत नाही" म्हणत होता, आगाऊ रक्कम बघून मोडला. पोल सीलिंगमधून उतरवला. काकांनी जातीने उभं राहून फरशीची एकेक टाइल तपासली. आरसीसीबी एकाचे तीन केले. नेटची पेटी पोलाच्या डोक्याशी आहे, आणि बडोदेकर, कोपऱ्याचा खांब उघडून बघितला तेव्हा खरंच एक वायर चिमटलेली निघाली. बसवणाऱ्याकडून तिथल्या तिथे बदलून घेतली.

आज जुलैची पंधरा तारीख. सोळा जण बसलेत, अकरा वाजून गेले, आरसीसीबी अजून पडलेला नाही. परवा दोन सॉकेट टाइल उजवीकडे सरकवल्या, एमसीबी पाडून, वीस मिनिटं लागली. केटली आता पँट्रीत, १६ अँपिअरच्या वेगळ्या सॉकेटवर. सगळ्यांना उठून जावं लागतं म्हणून तक्रार आहे, ती मी ऐकत नाही.