मदत हवी आहे: पुंटा काना की बायाहिबे? जुलै, सोबत शाकाहारी आजी-आजोबा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नेवार्कहून डॉमिनिकन रिपब्लिकला पाच रात्री जायचंय, ऑल-इन्क्लुसिव्हमध्ये. दोन मोठे, ४ आणि ९ वर्षांची मुलं, सत्तरीतले आई-बाबा. आई-बाबांकडे अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा आहे, त्यामुळे तिकडचा वेगळा व्हिसा लागत नाही. ई-तिकीट (तिथे प्रवेशासाठीचा ऑनलाइन फॉर्म) भरून क्यूआर कोड घेणार आहोत. हा भाग झाला.

अडचण जेवणाची. आई-बाबा अंडंही खात नाहीत. बुफेत शाकाहारी पाटी असली तरी राजम्यासारख्या आबिचुएलासमध्ये आणि भातात चिकनचा स्टॉक असू शकतो. केळ्याचे तोस्तोनेस मासळी तळलेल्याच तेलात तळलेले असू शकतात. रिसॉर्टला दोनदा मेल केली. उत्तर एकच, 'व्हेज पर्याय आहेत'. स्टॉकबद्दल अक्षर नाही. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो' (मांस, चिकन, मासळी, स्टॉक यांच्याशिवाय) अशी स्पॅनिश चिठ्ठी लिहून ठेवली आहे. मेतकूट आणि दशम्या नेणारच, पण पाच दिवस त्यावर काढायला लावणं बरं वाटत नाही.

दुसरं, सारगासम, म्हणजे किनाऱ्याला लागणारं समुद्री शेवाळ. पुंटा कानाजवळच्या बाव्हारोचा किनारा पूर्वेला अटलांटिककडे तोंड करून, म्हणून उन्हाळ्यात शेवाळाचे ढीग तिथे जास्त लागतात. बायाहिबे आडोशाला आहे, पाणी शांत, धाकटीसाठी उत्तम. पण पुंटा काना विमानतळापासून साधारण तासभर गाडी. बजेट दोन खोल्यांचं, स्वयंपाकघरवाला व्हिला नको.

जुलैत बायाहिबेला कुणी राहिलंय का? आणि तिथल्या शेफने स्टॉकशिवाय वेगळ्या भांड्यात भात-डाळ करून दिली का. त्यासाठी आधी नेमकं कुणाशी बोलावं लागलं?