काजूचा रस फसफसतो तेव्हा साखरेतली ऊर्जा जाते कुठे?

सत्तरीची सून:
वाळपईहून आत आमची काजूची बाग आहे, सासऱ्यांची फेणी गाळायची छोटी भट्टीही. मार्च लागला की बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, वेचायचे, चिरडायचे, रस पिंपात भरायचा. वरून आम्ही काहीच घालत नाही. तरी दुसऱ्या दिवशी कान लावला की आत चुरचुर ऐकू येते, पिंप हाताला कोमट लागतं. तीन-चार दिवसांत गोडी संपते. बारावीतली मुलगी सांगते, यीस्ट साखर खाऊन ऊर्जा मिळवतं. मग सगळी साखर खाऊन झाली, तर सासरे चुलीत फेणीचे चार थेंब टाकतात तेव्हा निळी ज्योत कशी उठते? खाल्लेल्या अन्नात जळायला काय उरलं?

फोंड्याची बाई:
बाय, पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण हे कोणी असं विचारलं नव्हतं.
यीस्ट साखर पुरती जाळतच नाही. 180 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधी साखर, पूर्ण जाळलं तर साधारण 2805 किलोज्यूल ऊर्जा मिळते. पिंपात त्याचं 92 ग्रॅम अल्कोहोल होतं आणि बाकीचा कार्बन डायऑक्साइड, तीच तुमची चुरचुर. ते 92 ग्रॅम अल्कोहोल जाळलं तर सुमारे 2735 किलोज्यूल! म्हणजे शंभरातले जवळपास सत्त्याण्णव वाटे अल्कोहोलमध्येच राहिले. चुलीत पेटते ती काजूच्या पानांनी धरलेल्या उन्हाची ऊर्जा. यीस्टच्या हाती ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशी कामाला वापरते त्या ऊर्जेच्या सुट्या नाण्यांचे, फक्त दोन रेणू लागतात, थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून पिंप कोमट. मिळकत एवढी तुटपुंजी असल्यानेच ते साखर भराभर संपवतं. प्राणवायू असेल तेव्हा यीस्टला तेवढी साखर लागत नाही, हे पाश्चरने एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं.

सत्तरीची सून:
मग त्याच साखरेतून आपल्याला जास्त मिळतं का? आणि एटीपी साठवून ठेवता येतं का?

दिवाडीकर:
आपल्या पेशीत ग्लुकोजमागे साधारण तीस एटीपी होतात, कारण आपण प्राणवायू वापरतो. मला हे आमच्या खाजनावरून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतावरून, समजलं. बांधाच्या एका बाजूला पाणी चढतं, दुसरीकडे कमी असतं, आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची, दारं उघडली की तिथूनच धडधडत वाहतं. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जेची भट्टी, तिच्या आतल्या पडद्याचं तसंच आहे. अन्नातले इलेक्ट्रॉन प्राणवायूकडे जाताना प्रोटॉन एका बाजूला ढकलले जातात, ते परत येतात एकाच वाटेने, आणि त्या ओघावर एटीपी घडतं. पीटर मिचेलने 1961 मध्ये हे मांडलं तेव्हा फार थोड्यांना पटलं. 1978 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

फोंड्याची बाई:
दिवाडीकर, मानशीचा दाखला मी वर्गात दिला असता तर किती बरं झालं असतं! फक्त एक फरक. मानशीची दारं नुसती उघडझाप करतात, पेशीतलं दार स्वतः गरगर फिरतं आणि एका फेरीत तीन एटीपी घडवतं. बॉयर आणि वॉकर यांना 1997 चं नोबेल याच्याच उलगड्यासाठी मिळालं. बंद पिंपात प्राणवायू संपला की शेवटी इलेक्ट्रॉन घेणारं कोणी नसतं, म्हणून यीस्ट दोन एटीपीवर भागवतं.

बाय, एटीपी साठवायला जमत नाही. शरीरात ते मूठभरच असतं, पण तुटून पुन्हा जुळत राहतं, इतकं की दिवसाकाठी घडलेलं सगळं जमेस धरलं तर आपल्या वजनाएवढं होईल. साठा वेगळा असतो. तुमच्याच झाडाकडे बघा: बोंडूत साखर, ती खाऊन प्राण्यांनी बी दूर न्यावं म्हणून, बीत तेल, कारण अंकुराला बरेच दिवस त्यावर जगायचं असतं. ग्रॅममागे तेलात साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा.

सत्तरीची सून:
सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, एकदा पिंप जास्त दिवस उघडं राहिलं आणि रस आंबट झाला, तो कशाने?

फोंड्याची बाई:
त्यांना सांगा, हवेतला प्राणवायू घेणारे जिवाणू आले आणि यीस्टने टाकलेलं अल्कोहोल जाळून त्याचं विनेगर केलं. सत्त्याण्णवातले काही वाटे त्यांनी खाल्ले.