वृद्ध लॅब्रेडोर कुत्रीला घरी आणावे का?

प्रश्न (पुणे)

आमच्या घराजवळच्या प्राणी-आश्रयगृहात साधारण अकरा वर्षांची एक लॅब्रेडोर कुत्री आहे. मालक घर बदलताना तिला तिथे सोडून गेले, आणि येणारा प्रत्येक जण पिल्लूच मागत असल्यामुळे चार महिने झाले तरी तिला कोणी नेलेले नाही. आम्ही तीन रविवार तिला भेटून आलो. उठताना ती आधी पुढचे पाय रोवते, मागचा भाग दोनदा उचलून पाहते आणि मग कशीबशी उभी राहते. पण उभी राहिली की थेट माझ्या मुलीच्या तळहातावर नाक टेकवते. तिला आणावे असे मनापासून वाटते. मात्र आम्ही लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना रात्री ती पायात येईल याची धास्ती वाटते. मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्ष-दोन वर्षांतच तिच्यावर वियोगाची वेळ आणणे योग्य ठरेल का, हे मला ठरवता येत नाही.

उत्तर (नाशिक)

ताई, आम्ही बारा वर्षांचा गावठी कुत्रा आणला होता. तो आमच्याकडे चौदा महिने राहिला. तुमच्या अडचणींत मला जिना सर्वांत मोठा वाटतो. चढण्यापेक्षा उतरणे त्याला अवघड जाई, म्हणून आम्ही जुना पंचा त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घेऊन दोन्ही टोके वर धरत असू. त्याचे वजन सोळा किलो होते. लॅब्रेडोर पंचवीस-तीस किलोची सहज असते, तेव्हा तिला चालता येईनासे झाले तर दिवसातून तीन वेळा कोण उचलणार, हे आजच ठरवा.

गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात. सतरंजी सरकते, त्यामुळे खाली रबर असलेल्या चटया तिच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग घाला. सासूबाईंच्या वाटेवर रात्री मंद दिवा ठेवा आणि कुत्रीचे अंथरूण त्या वाटेपासून दूर घाला. आम्ही गळपट्ट्याला एक घुंगरू बांधले होते. वडिलांना तो कुठे आहे ते अंधारातही कळत असे.

मुलीला मात्र आधीच सारे खरे सांगा. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. तो खूप रडला, पण रोज संध्याकाळी कुत्र्याला औषध भरवण्याचे काम त्याने एकदाही चुकवले नव्हते, आणि ते तो आजही अभिमानाने सांगतो.

उत्तर (पशुवैद्य, सातारा)

आणण्यापूर्वी रक्ताची आणि लघवीची तपासणी करून घ्या, कारण उतारवयात मूत्रपिंडाचा आजार बराच पुढे जाईपर्यंत बाहेरून दिसत नाही. गोचिडतापाची चाचणीही सोबतच करा. दात आणि हिरड्या पाहून घ्या; खाणे टाळणारी कुत्री कित्येकदा हट्टी नसते, तिचे दात दुखत असतात. नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. पाणी अचानक जास्त पिणे, मलूल होणे किंवा योनीतून स्राव येणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. डोळ्यांत निळसर झाक असली म्हणजे मोतीबिंदूच आहे असे समजू नका. वयोमानाने तशी झाक येते आणि तरीही बरेचसे दिसते.

सांधेदुखीसाठी घरातली माणसांची पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कधीही देऊ नका. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी असतात आणि मूत्रपिंडाचा अहवाल पाहूनच ती दिली जातात. वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवा. त्या सांध्यांना औषधाइतकाच आराम त्यानेही मिळेल.

प्रश्नकर्ती (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या जिन्याला चौतीस पायऱ्या आहेत. येत्या रविवारी पंचा घेऊन तिला आश्रयगृहाच्या जिन्यावर चढवून-उतरवून पाहू आणि तपासण्याही सांगू. सासूबाईंना घुंगराची कल्पना पटली. त्यांनी स्वतःच कपाटातून एक जुने घुंगरू काढून मुलीच्या हाती दिले आहे.