‘क्लिप’ला मराठीत काय म्हणावं? ‘आवाज फाटणे’ चालेल का?

सोनकी:
तालुक्याच्या नाट्यगृहात ॲम्प्लिफायर हाताळणाऱ्या मुलांसाठी सूचनापत्रक मराठीत करतेय. एका वाक्यावर गाडी अडली आहे. चॅनलशेजारचा लाल ‘क्लिप’ दिवा पेटून राहिला तर मिक्सरवरून येणारा सिग्नल कमी करा, असं मूळ इंग्रजीत आहे. मी लिहिलं, “आवाज फाटत असेल तर...”. तिथले जुने ध्वनिसंयोजक म्हणाले, “ताई, असं लिहाल तर पोरं स्पीकर उघडून बसतील. फाटतो तो स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा.” आमच्या घरी मात्र रेडिओ मोठा झाला की “फाटतोय, कमी कर” असंच म्हणायचे. कुणाचं बरोबर?

तारायंत्र:
दोघांचंही, पण दुखणी दोन आहेत. ॲम्प्लिफायरच्या आतला पुरवठा समजा अधिक-उणे 60 व्होल्टचा असेल, तर सिग्नलची लहर त्यापलीकडे जाऊच शकत नाही. तिची टोकं सपाट होतात. हे क्लिपिंग. कोन फाटलेला असेल तर आवाज लहान केला तरी खरखर राहते आणि लाल दिवा पेटत नाही. ढोलकीच्या थापेसरशी दिवा नुसता लुकलुकला तर चालतं. पेटून राहिला तर ट्विटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची, कॉइल जळायची भीती. एवढा फरक शब्दात दिसायलाच हवा.

शब्दसाधक:
मग ‘शिखरकर्तन’ घ्या. नेमकं काय होतं ते शब्दातच सांगितलंय. ॲम्प्लिफायरलाही विश्वकोशातला ‘विवर्धक’ आहे. वापरलाच नाही तर तो रुळणार कसा?

रंगपेटी:
मी साउंडचंच काम करतो. आमच्यात त्याला सरळ ‘मशीन’ म्हणतात. “मशीन क्लिप मारतंय” म्हटलं की मिक्सरवरचा हात आपसूक खाली येतो. प्रयोग चालू असताना एका दमात कळेल असाच शब्द लागतो. आणि ताई, दिव्याखाली ‘क्लिप’ छापलेलंच आहे. पत्रकात दुसरा शब्द घातला तर पोरगं दिवा शोधत बसेल.

वऱ्हाडकर:
आमच्या अमरावतीकडे “आवाज फुटून राह्यला” म्हणतात. वयात येणाऱ्या पोराचा आवाजही फुटतोच. मला वाटतं फुटणे हाच मूळचा शब्द, फाटणे मागाहून कापडावरून आलं असावं.

शब्दसाधक:
कापडावरून कसं? दूधही फाटतंच की. संस्कृतात स्फुट् आणि स्फट् असे दोन्ही धातू आहेत. एकातून फुटणे, दुसऱ्यातून फाटणे.

सोनकी:
आणखी एक. “मशीन लावण्याआधी अर्थ तपासा” असं लिहिलं होतं, तर मुद्रितशोधकांनी समासात विचारलंय, “कशाचा अर्थ?” ‘भूसंपर्क’ करू का?

रंगपेटी:
‘अर्थिंग’ लिहा, हात जोडून सांगतो. स्पीकरमधून घूं यायला लागला की काही जण प्लगची मोठी पिन काढून टाकतात. घूं जातो खरा, पण उद्या आत बिघाड झाला तर मशीनच्या पत्र्यात करंट उतरतो आणि हात लावणारा जागीच चिकटतो. पिनला हात लावायचा नाही. मिक्सर आणि मशीन एकाच लाइनवर घ्यायचं, मधली केबल बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरचा घूं न पकडणारी तीन तारांची, वापरायची. ही ओळ वाचणाऱ्याला क्षणभरही थांबावं लागू नये.

शब्दसाधक:
त्याच कारणासाठी मी ‘भूसंपर्क’ म्हणेन. जमिनीशी जोडणी हे त्यातून कळतं, ‘अर्थिंग’मधून काय कळतं?

रंगपेटी:
गावचा वायरमन, पंप बसवणारा, फ्रिज घेतलेली बाई, सगळे अर्थिंगच म्हणतात, दादा. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याच्या तोंडचा शब्द ठेवा.

तारायंत्र:
इथे मी रंगपेटींच्या बाजूचा. फक्त पत्रकात ‘घूं’ लिहू नका, ‘गुंजन’ लिहा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची; तो आवाज 50 चा, नाहीतर 100 चा.

वऱ्हाडकर:
गुंजन भुंग्याचं, कानाला गोड. हा तर डोकं उठवतो.

शब्दसाधक:
मग ‘घरघर’?

रंगपेटी:
घरघर नको. पंख्याची जाळी धुळीने तुंबली की पंखा घरघरतो, ती वेगळी तक्रार. तेव्हा मशीन बंद करून जाळी साफ करायची. घूंसाठी केबल तपासायची. दोन्हीला एकच शब्द दिलात तर पोरं घूं ऐकून जाळी धूत बसतील.