शब्दचर्चा: 'हौशी डीजे' सोलापुरात चालेल का?

चाटी_गल्ली:
कॉलेजच्या गॅदरिंगला डीजे स्पर्धा आहे, तिचं पत्रक मराठीत करतोय. मूळ मसुद्यात दोन गट आहेत, प्रोफेशनल आणि ॲमॅच्युअर. मी 'व्यावसायिक' आणि 'हौशी' लिहून मोकळा झालो. आयोजक पोरगा म्हणाला, "सर, 'हौशी डीजे' वाचून पोरं विचारतील, बेस किती?" त्याच्या लेखी डीजे म्हणजे माणूस नाहीच, ट्रॅक्टरवर रचलेली पेट्यांची भिंत. पण माझी खरी अडचण वेगळी आहे. पैसे घेऊन वाजवणारे कितीतरी जण कच्चे असतात, आणि एक पैही न घेणारा आमचा एक विद्यार्थी चांगला तयार आहे. त्याला हौशी गटात कुठल्या तोंडानं बसवू? पत्रक उद्या छापायला जायचंय.

शेंगाचटणी:
'डीजे ऑपरेटर' लिहा की मालक. आपल्याकडे यंत्र ते डीजे, माणूस तो ऑपरेटर. "डीजे सांगितलाय" म्हटलं की पेट्या, जनरेटर, गाडी सगळं आलं. डॉल्बी म्हणणारे तर त्याहून थोर. डॉल्बी कंपनी १९६५ साली निघाली आणि तिचं पहिलं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आपण तिचं नाव कानठळ्यांना दिलं!

जुना_कोश:
मुळात 'डीजे' हवाच कशाला? डिस्क म्हणजे तबकडी, जॉकी म्हणजे घोडेस्वार. रेडिओवर रेकॉर्डी लावणाऱ्या मार्टिन ब्लॉकला उद्देशून वॉल्टर विंचेल या अमेरिकी पत्रकारानं १९३५ मध्ये हा शब्द वापरला, असं मानतात. आता तबकडीही गेली आणि घोडा तर नव्हताच. 'गीतसंयोजक' म्हणा. गट करा 'सराईत' आणि 'नवशिके'.

कडक_भाकरी:
'सराईत गीतसंयोजकाला अटक'. बघा, बातमी तयार. सराईतच्या मागून मराठीत गुन्हेगारच येतो. आणि गीतसंयोजक म्हटलं की मला पहाटे भक्तिगीतं लावणारे रेडिओवाले काका दिसतात. त्यांच्यासमोर नाचायचं कसं?

जुना_कोश:
तो दोष शब्दाचा नाही, पोलिसांच्या प्रेसनोटचा आहे. सराईत म्हणजे सराव असलेला, मुरलेला. चांगला शब्द चोरांना देऊन टाकायचा आणि आपण 'प्रोफेशनल' म्हणत बसायचं, ही कुठली रीत?

विजापूर_वेस:
मी वाजवतो आणि पैसे घेतो, म्हणून बोलतो. सर म्हणतात ते बरोबर आहे, पैशानं काही ठरत नाही. आमच्यात "ह्याचा हात बसलाय" किंवा "हा नुसता प्ले दाबतो" असं बोलतात. दोन गाण्यांच्या सांध्यात माणूस कळतो. एक गाणं मिनिटाला १२४ ठोक्यांचं, दुसरं १२८ चं. हल्ली सिंकचं बटण दाबलं की वेग जुळतो, म्हणून परवाचं पोरगंही स्वतःला डीजे म्हणवतं. पण नाचाची बरीचशी गाणी आठ-आठ मात्रांच्या हिशोबानं चालतात, ३२ ठोक्यांनी वळण येतं. ते वळण यायच्या आधीच पुढचं गाणं घुसवलं तर वेग जुळूनही नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. जुनी ढोलकीची गाणी घ्या. वाजवणारा माणूस, त्यामुळं लय मध्येच चढते, मध्येच उतरते. तिथं सिंक हमखास फसतं. हेडफोनचा एक कान लावून बोटानंच सांभाळावं लागतं.

दुसरी खूण मिक्सरवरचा लाल दिवा. नवखा तो लाल ठेवतो आणि आवाज वाढला म्हणून खूश होतो. आवाज वाढलेला नसतो, फाटलेला असतो. मग पेटीतला ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जळतो आणि पेटीच्या मालकाशी भांडण.

बाकी सगळं समोर बघण्यात. पूर्व भागातलं लग्न असेल तर तेलुगू गाणी लागतातच, अक्कलकोटकडचे पाहुणे असले की कन्नड हवं. जेवणाची पंगत चालू असताना हुकमी गाणं वाया घालवायचं नाही. कायद्यानं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. हात बसलेला साडेनऊपासून शेवटाकडं वळतो आणि दहाच्या आत लोक स्वतःहून थांबतात. नवख्याचं गाणं कडव्याच्या मध्येच पोलीस बंद करतात.

शेंगाचटणी:
ठरलं. गट पहिला 'हात बसलेले', गट दुसरा 'प्लेदाबे'.

चाटी_गल्ली:
प्राचार्यांची सही तुम्ही आणा.

दाजी_पेठ:
'हौशी' म्हणजे कच्चा हे कुणी ठरवलं? राज्य नाट्य स्पर्धेत हौशी गट असतो, तिथं येऊन कुणाला कच्चं म्हणून दाखवा. एकेकाळी उलट 'धंदेवाईक' म्हणून नाक मुरडायचे. विद्यार्थ्याला बिनधास्त हौशी म्हणा, त्यात त्याचा मानच आहे. आमच्या बोळातून जाणारे पैसे घेणारे डीजे निदान मिरवणुकीपुरते बंद राहिले तर आम्ही सगळ्यांनाच सराईत म्हणू. खिडकीच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं कापूस घालून बसतात, आणि इथं ३२ ठोक्यांचं वळण!

विजापूर_वेस:
तो आवाज मंडळवाले मागतात, ताई. कमी केला तर "पैसे परत" म्हणतात.

दाजी_पेठ:
मग मागणाऱ्याला नाही म्हणता येणं हीसुद्धा हात बसल्याचीच खूण धरा की.

जुना_कोश:
विषयावर येऊ. 'हौस' हा शब्द अरबी-फारसी 'हवस'वरून आला. शुद्ध मराठी हवं असेल तर हौशी आपोआप बाद.

कडक_भाकरी:
मग 'अटक'मधला सराईत शुद्ध आणि हौस परकी? हिंदीवाल्यांनी हवस पार वासनेपर्यंत नेली, आपण तिला डोहाळजेवणात आणि नातवाच्या बारशात बसवली. इतकं घरात वाढवून आता परकी कशी? गड्ड्याच्या यात्रेला येतात ते हौसे, नवसे आणि गवसे. त्यातले हौसे बाद केले तर पाळण्यात बसणार कोण?

शेंगाचटणी:
गवसे म्हणजे खिसेकापू ना?

जुना_कोश:
नाही. गवसणे म्हणजे सापडणे. काही गवसतंय का म्हणून हिंडणारा तो गवसा. तो व्यापारीही असेल.

कडक_भाकरी:
होम मैदानावर आमच्या काकांचं पाकीट ज्याला गवसलं तो व्यापारी नव्हता, कोशराव.

जुना_कोश:
एका पाकिटावरून अर्थ ठरत नाही. तुमच्या घरच्या जुन्या माणसांना विचारा, मग बोला.