मराठीत ‘टॉप गिअर’ या गाड्यांवरच्या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमाच्या धर्तीवर मालिका करायची आहे, खर्च कशावर करावा?

भोरकर :
आम्ही तिघे मित्र यूट्यूबसाठी तीन भागांची मराठी मालिका करणार आहोत. तिन्ही भागांसाठी मिळून ४०,००० रुपये, एक वॅगन आर आणि दोन मोबाइल एवढेच हाताशी आहे. सर्वप्रथम पैसा कशावर घालावा, हे कृपया सांगावे.

दर्यासारंग :
ट्रॅकशिवाय या कार्यक्रमाला अर्थ नाही. मूळ कार्यक्रम इंग्लंडमधील डन्सफोल्डच्या जुन्या विमानतळावर चित्रित होत असे आणि पाहुण्यांना सुझुकी लिआनासारख्या साध्या गाडीत बसवून त्यांची वेळ मोजत असत. आपणही एखादी धावपट्टी भाड्याने घ्यावी. शिवाय ड्रोन हवाच. मी गेल्या वर्षी सव्वा लाखाचा घेतला आणि एकदाही पस्तावलो नाही.

जुनी_पद्मिनी :
सव्वा लाखाचा सल्ला चाळीस हजारवाल्यास! ट्रॅक नको, जुनी गाडी हवी. माझ्या प्रीमियर पद्मिनीने खंबाटकी चढताना रेडिएटर उकळवला, तेव्हा रस्त्याकडेला दीड तास आम्हा भावंडांत जे भांडण झाले, ते कोणी चित्रित केले असते तर तुमची मालिका तिथेच तयार झाली असती. चालणाऱ्या गाडीपेक्षा बंद पडलेली गाडी माणसांना अधिक बोलते करते.

नियमावली :
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहनांची शर्यत लावता येत नाही, हे कोणीच सांगितलेले नाही. बंदिस्त जागेतही निर्धास्त राहू नये; डिसेंबर २०२२ मध्ये डन्सफोल्डलाच चित्रीकरणाच्या वेळी कार्यक्रमाचा सूत्रसंचालक फ्लिंटॉफ गंभीर जखमी झाला आणि पुढे कार्यक्रमच थांबला.

घाटमाथा :
वेगाची शर्यत नकोच. ‘टॉप गिअर’वाल्यांनी २०११ च्या भारतावरील विशेष भागात मुंबईत डबे पोहोचवण्याची चढाओढ लावली होती. तुम्ही मुंबई ते पुणे डेक्कन क्वीन आणि एसटी असा सामना लावा. दोघींचा वाढदिवसही १ जूनचाच आहे.

जुनी_पद्मिनी :
डेक्कन क्वीन १९३० ची आणि एसटी १९४८ ची, त्यातही एसटीची पहिली गाडी पुणे–अहमदनगर धावली. तिचा मुंबईशी काय संबंध?

घाटमाथा :
मी तारीख सांगितली, मार्ग नव्हे.

कानसेन :
आमच्या पहिल्या भागात खिडकी उघडी राहिल्याने वाऱ्याच्या घोंगावण्याखाली सगळे विनोद बुडाले आणि संपूर्ण दिवसाचे चित्रीकरण टाकून द्यावे लागले. डळमळते चित्र प्रेक्षक सोसतात, न ऐकू येणारे बोलणे सोसत नाहीत. दोन बिनतारी कॉलर माइक घ्या; आमची जोडी सहा हजारांत आली.

दर्यासारंग :
माइक ठीक आहेत, परंतु ड्रोनचा विचार करावा.

नियमावली :
निदान तिघांचे स्वभाव तरी परस्परविरुद्ध असावेत. क्लार्कसन, हॅमंड आणि मे या तीन सूत्रसंचालकांच्या कुरबुरींवर तर तो कार्यक्रम चालला.

भोरकर :
सर्वांचे आभार. माइक मागवले आहेत. ट्रॅक, ड्रोन, पद्मिनी आणि डेक्कन क्वीन यांपैकी काहीही घेत नाही. आम्ही तिघे सूत्रसंचालनही करणार नाही. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले माझे मामा वॅगन आर घेऊन वरंध घाट उतरतील आणि प्रत्येक वळणावर आमच्या पिढीच्या गाडी चालवण्याचा उद्धार करतील. आम्ही मागच्या सीटवर बसून ऐकून घेऊ. पावसाळ्यात तो घाट बंद ठेवतात, त्यामुळे चित्रीकरण दसऱ्यानंतरच होईल.