रोजचं लिहिणं सुधारायचं कसं? मेसेज आणि अर्ज दोन्हीत गडबड होते

पिलबाग:
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातला आहे, घरची केळी आणि सोबत गावातल्या दहा-बारा जणांचा माल व्यापाऱ्याला लावून द्यायचं काम बघतो. बोलण्यात कुणाला ऐकणार नाही पण लिहायला बसलो की सगळं गुंततं. मागच्या महिन्यात ग्रुपवर टाकलं, "गाडी ६ ला येईल माल तयार ठेवा". मला म्हणायचं होतं संध्याकाळी ६ वाजता, एका काकांनी समजून घेतलं ६ तारखेला. गाडी बांधावर उभी आणि काका लग्नाला शिरपूरला. रिकामी गाडी परत गेली, भाडं माझ्या अंगावर. दुसरं म्हणजे अर्ज. डीपी (शेतातल्या पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली म्हणून वीज ऑफिसच्या खिडकीवर दोन पानं लिहून नेली तर तिथल्या माणसाने अर्धं वाचून विचारलं, भाऊ तुम्हाला नक्की पाहिजे काय? बारावीपर्यंत मराठीतच शिकलो ना राव. घरात अहिराणी बोलतो म्हणून असं होतं का? काय करू सांगा.

खिडकी नंबर दोन:
मी तसल्याच खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो (तुमच्या तालुक्यात नाही, घाबरू नका). तुमचा अर्ज मी वाचतो तेव्हा समोर वीस माणसं उभी असताय आणि एकाला बस पकडायची असते. त्यात अर्ज असा सुरू होतो, "वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की मी मौजे अमुक येथील रहिवासी असून माझा व्यवसाय शेती असून माझे क्षेत्र बागायती असून..." हे असून-असून करत गाडी पान उलटेपर्यंत थांबत नाही आणि डीपी सापडते शेवटून दुसऱ्या ओळीत. त्यापेक्षा हे बघा:

"गट नं. ११२ जवळची डीपी १४ तारखेला रात्री जळाली. तिच्यावर ९ पंप आहेत. डीपी लवकर बदलून मिळावी."

झालं. खाली ग्राहक क्रमांक, मोबाईल नंबर, सही. केळी सुकतेय, कर्ज आहे, हे लिहायचं तर नंतर लिहा, कुणी अडवलं नाही. आणि झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घ्या, ती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

गिरणाकाठची:
दादा, अहिराणीला दोष देऊ नका हो. मी शाळेत शिकवते, माझ्या वर्गातली निम्मी पोरं घरी अहिराणी बोलताय, आणि निबंधात अडकताय ती अहिराणीमुळे नाही, पुस्तकी बोलायला जाताय म्हणून. मी त्यांना आधी घरच्या भाषेत सांगायला लावते. तुमचंच घ्या. "डीपी जयनी, मोटर बंद शे, केयी सुकी ऱ्हायनी." अख्खा अर्ज आला की नाही? आता तो प्रमाण मराठीत उतरवा, भर घालू नका.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर सगळे नियम एकदम पाठ करायला जाऊ नका. एकच धरा, तो रोज लागतो. विहीर दीर्घ पण विहिरीत ऱ्हस्व, जमीन पण जमिनीत, फूल पण फुलाला. प्रत्यय लागला की आधीचं दीर्घ अक्षर आखडतं. अपवाद आहेत पण तुमच्या कामाचे शब्द यात बसताय.

आणि रोज थोडं लिहा. साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, रोज, तेही शाळेतलं शिकवणं सांभाळून. आपल्याला चार ओळी जड जाताय! आज बागेत काय केलं, मजूर किती, पाणी किती तास, एवढं वहीत लिहिलं तरी हात मोकळा होतो, हिशोबही राहतो.

भरीतपुरी:
ताई, ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू, गाडी ऱ्हस्वामुळे परत नाही गेली 😀 मेसेजमध्ये "उद्या" कधीच लिहू नका, माणूस वाचतो दुसऱ्या दिवशी आणि त्याचा उद्या वेगळाच निघतो. वार लिहा, तारीख लिहा, आणि आकड्यापुढे वाजता की तारीख ते लिहाच. एका मेसेजमध्ये एकच काम. मी तर बोलून टाईप करतो पण पाठवायच्या आधी मोठ्याने वाचतो, कारण एकदा "माल नवतीचा आहे" (नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी) म्हटलं आणि फोनने लिहिलं "माल नव्हतीचा आहे", व्यापारी दोन दिवस विचारत होता माल आहे की नव्हता.

पिलबाग:
😀 नवतीचं माझंही झालंय. बरं, हा मेसेज लिहून बघितला, सांगा (पिलबाग म्हणजे आधीच्या झाडाच्या पिलावर घेतलेली केळी):

"सोमवार, १७ तारीख, संध्याकाळी ६ वाजता गाडी मारुतीच्या पाराजवळ येईल. फक्त नवती घेणार, पिलबाग नाही. ज्यांना माल द्यायचा त्यांनी रविवारी रात्रीपर्यंत किती घड ते कळवा."

खिडकी नंबर दोन:
चांगलं आहे. फक्त कळवा म्हणजे कुठे, ग्रुपवर की तुम्हाला फोन? नाहीतर रविवारी रात्री सगळे फोन करतील.

पिलबाग:
ग्रुपवर. टाकलं बदलून. पाच मिनिटं नाही झाली तर काकांचा फोन, मेसेज वाचला रे, पण गाडी किती वाजता?